‘कार्बन न्यूट्रल’ची पाटी लावण्यापूर्वी : गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणींना आणि लघुउद्योजकांना खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार व कार्यकारिणी सदस्य, तसेच लघुउद्योजक बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभांच्या कार्यक्रमपत्रिकेत अलीकडे पार्किंग, गळती आणि थकबाकी या नेहमीच्या विषयांच्या जोडीला एक नवा विषय दिसू लागला आहे. कोणी सल्लागार येतो, संकुलाच्या वर्षभराच्या वीजबिलांवरून उत्सर्जनाचा, म्हणजे हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, एक आकडा काढतो आणि सांगतो, की प्रत्येक सदनिकेने वर्षाला काही शे रुपये भरले, तर तेवढी कार्बन क्रेडिट, म्हणजे इतरत्र उत्सर्जन टाळल्याची विक्रीयोग्य प्रमाणपत्रे, संस्थेच्या नावे विकत घेऊन, ती पुन्हा कोणाला विकता येऊ नयेत म्हणून, कायमची रद्द करण्यात येतील आणि प्रवेशद्वारावर ‘कार्बन न्यूट्रल संकुल’ (म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य असलेले) अशी पाटी लावता येईल. औद्योगिक वसाहतींमधल्या छोट्या कारखानदारांकडे हाच प्रस्ताव ‘परदेशी ग्राहकाला दाखवायला प्रमाणपत्र’ या रूपात येतो. मी ऊर्जा लेखापरीक्षणाचे काम करते, आणि या प्रस्तावाला होकार द्यावा का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझे उत्तर असे आहे, की दुसऱ्याच्या हवामानविषयक कामाला पैसे जरूर द्यावेत, परंतु ते स्वतःच्या उत्सर्जनातून वजा करू नयेत, पाटी लावू नये, आणि पहिला रुपया स्वतःच्या मीटरवर खर्च करावा. असे का म्हणते, ते थोडे विस्ताराने मांडते.

आधी आपला हिशेब पाहू, कारण तो अवघड नाही आणि त्यासाठी सल्लागाराची गरज नाही. देशाच्या वीजजाळ्यातून घेतलेल्या एका युनिटमागे गेली काही वर्षे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध करते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो, एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो, आणि १४.२ किलोचा घरगुती गॅस सिलिंडर संपला की सुमारे ४२ किलो. महिन्याला २०० युनिट, वर्षाला आठ सिलिंडर आणि महिन्याला ४० लिटर पेट्रोल वापरणाऱ्या कुटुंबाचे या तीन बाबींचे वार्षिक उत्सर्जन तीन टनांच्या किंचित वर जाते, आणि त्यात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या विजेचा असतो. अशा पन्नास सदनिका आणि पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरवर महिन्याला ४,००० युनिट धरले, तर संपूर्ण संकुलाचा आकडा वर्षाला १९० टनांच्या आसपास येतो. आता बाजारातील स्वस्त क्रेडिटचा दर टनाला २०० रुपये धरा. सारे मिळून ३८,००० रुपये होतात, म्हणजे सदनिकेमागे ७६० रुपये. पन्नास कुटुंबांचे वर्षभराचे उत्सर्जन एवढ्या रकमेत नाहीसे होत असेल, तर ज्या प्रश्नावर जगभरची सरकारे तीस वर्षे भांडत आहेत तो फारच क्षुल्लक म्हटला पाहिजे. हा स्वस्तपणाच आपल्याला सावध करायला पुरेसा आहे.

एक क्रेडिट म्हणजे एक टन उत्सर्जन टळल्याचा किंवा शोषले गेल्याचा दावा. मात्र टळलेले उत्सर्जन मोजता येईल असे कोणतेही यंत्र नाही. प्रकल्प झाला नसता तर काय घडले असते, याची एक कल्पित कथा आधी लिहावी लागते आणि प्रत्यक्षात जे घडले ते तिच्यातून वजा करावे लागते. ती कथा बहुधा प्रकल्प चालवणाराच लिहितो, तपासणाऱ्याचे शुल्कही तोच देतो, आणि विकणारा व विकत घेणारा या दोघांनाही आकडा मोठा आलेला हवा असतो. इतर कोणत्याही खरेदीत कमी माल मिळाला तर गिऱ्हाईक तक्रार करते. इथे माल म्हणजे हवेत न गेलेला वायू असल्यामुळे तक्रार करणारे कोणी उरत नाही.

आपल्या देशातले सर्वांत बोलके उदाहरण पवनऊर्जेचे आहे. साताऱ्याजवळचे वनकुसवडे आणि चाळकेवाडीचे पठार किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल परिसर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पवनचक्क्यांचे मोल मी सांगायला नको. प्रश्न एवढाच आहे, की अशा पवनचक्क्या क्रेडिटच्या पैशांमुळे उभ्या राहतात का. एक टन टळण्यासाठी सुमारे १,४०० युनिट वीज निर्माण व्हावी लागते; टनाला २०० रुपये मिळाले तर ती रक्कम युनिटमागे १४ पैसे पडते. ज्या गुंतवणूकदाराला युनिटमागे काही रुपये दर मिळतो आणि ज्याला प्राप्तिकरात पहिल्याच वर्षी ८० टक्क्यांपर्यंत घसारा घेण्याची सवलत अनेक वर्षे उपलब्ध होती, तो १४ पैशांसाठी निर्णय बदलत नाही. हवामानविषयक आंतरराष्ट्रीय क्योटो कराराच्या व्यवस्थेत क्रेडिटचे दर याहून बरेच चढे होते, तरीही राफाएल कालेल आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी त्या व्यवस्थेखालील भारतीय पवनऊर्जा प्रकल्पांचा अभ्यास केला तेव्हा निष्कर्ष असा निघाला, की किमान ५२ टक्के क्रेडिट अशा प्रकल्पांना मिळाली होती जे बहुधा क्रेडिटविनाही उभे राहिलेच असते. अशा क्रेडिटच्या जोरावर विकत घेणाऱ्याने आपला कोळसा जाळणे सुरू ठेवले, तर जगाचे एकूण उत्सर्जन घटण्याऐवजी वाढते.

हे बाजारालाही ठाऊक आहे. व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्ड या क्रेडिट नोंदवणाऱ्या दोन्ही मोठ्या नोंदणी संस्थांनी, अतिअविकसित देश वगळता, वीजजाळ्याला जोडलेले मोठे नवे अक्षय ऊर्जा प्रकल्प स्वीकारणे काही वर्षांपूर्वीच थांबवले. ऑगस्ट २०२४ मध्ये स्वेच्छा कार्बन बाजाराच्या सचोटीसाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अक्षय ऊर्जेची क्रेडिट मोजण्याच्या जुन्या पद्धतींखालील सुमारे २३.६ कोटी क्रेडिटना आपले गुणवत्ताचिन्ह नाकारले; ती त्या वेळच्या बाजाराच्या जवळपास एक तृतीयांश होती. नाकारलेली म्हणून ती नाहीशी झाली नाहीत. असा जुना साठा स्वस्तात विकायला काढला जातो, आणि टनाला दोनशे रुपयांचा प्रस्ताव आपल्यापुढे येतो तेव्हा त्यात हाच माल असण्याची शक्यता आधी तपासावी.

‘मग आम्ही झाडांची क्रेडिट घेऊ’ असे उत्तर सभेत हमखास येते, आणि ते येणे स्वाभाविक आहे, कारण झाड डोळ्यांना दिसते. परंतु एक टन कार्बन डायऑक्साइड झाडांत साठवायचा म्हणजे सुमारे २७० किलो कार्बन, म्हणजेच जवळपास साडेपाचशे किलो वाळलेले लाकूड उभे राहावे लागते, आणि ते आज रोप लावले म्हणून उद्या उभे राहत नाही. शिवाय ते उभे राहिल्यावर तसेच राहावे लागते. आपण आज जाळलेल्या कोळशाचा काही अंश हजारो वर्षे वातावरणात राहणार आहे. त्याच्या बदल्यात उभ्या केलेल्या झाडाने मात्र पाण्याविना, वणव्याविना आणि कुऱ्हाडीविना किती वर्षे काढायची, हे करारात पाहावे. फ्रँकफर्टच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ॲपल कंपनीला आपले घड्याळ ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणून विकण्यास मनाई केली, त्यामागचे कारण वाचण्यासारखे आहे : ज्या पॅराग्वेतील निलगिरीच्या लागवडीवर तो दावा उभा होता, तिच्या सुमारे तीन चतुर्थांश जमिनीचा भाडेकरार २०२९ मध्येच संपणार होता.

याहून जवळचे उदाहरण कर्नाटकातले आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत ज्यांच्या कार्यक्रमांच्या तिकिटांसाठी आपल्या घरातली मुले रात्रभर रांगेत, म्हणजे मोबाइलवरच्या रांगेत, होती, त्या कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाने २००२ मधल्या एका अल्बमच्या निर्मितीतून झालेल्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून कर्नाटकात १०,००० आंब्याची झाडे लावण्याच्या योजनेला पैसे दिले होते. २००६ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने गुडीबंडे परिसरात जाऊन पाहिले, तेव्हा त्यातील बरीचशी रोपे पाण्याअभावी वाळून गेल्याचे आढळले; रोपे मिळाली, परंतु ती जगवण्यासाठी पाणी आणि पैसा पुरेसा मिळाला नाही, असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. वाद्यवृंदाच्या हेतूविषयी शंका घ्यायचे मला काही कारण दिसत नाही. दुष्काळी पट्ट्यात आंब्याचे कलम जगवायला पहिली तीन-चार वर्षे उन्हाळ्यात पाणी घालावे लागते, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याने फुकट सांगितले असते. लंडनमध्ये बसून भरपाईचे गणित मांडणाऱ्यांच्या कागदावर मात्र टँकरचा रकाना नव्हता. आणि आपणही फार हसू नये. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली, आणि लावलेल्यांपैकी जगली किती हा प्रश्न पुढे विधिमंडळापर्यंत गेला.

जंगले वाचवण्याच्या आणि सुधारित चुलींच्या क्रेडिटची स्थितीही दिलासादायक नाही. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सहा देशांतील जंगलतोड रोखणाऱ्या प्रकल्पांची तुलना त्यांच्यासारख्याच इतर जंगलांशी केली गेली, तेव्हा त्या प्रकल्पांच्या क्रेडिटपैकी जेमतेम ६ टक्क्यांमागे खरी घट आढळली. चुलींच्या बाबतीत २०२४ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’तील अभ्यासाने दाखवले, की पाहिलेल्या प्रकल्पांनी प्रत्यक्ष घटीच्या नऊपटीहून अधिक क्रेडिट घेतली होती, कारण नवी चूल मिळाल्यावर जुनी बंद झाली असे कागदावर गृहीत धरले जाते आणि घरात मात्र दोन्ही पेटतात. धुराविना स्वयंपाक करता येणे ही चुलीपाशी बसणाऱ्या बाईसाठी मोठी गोष्ट आहे, आणि त्यासाठी पैसे द्यावेत. त्या धुराच्या बदल्यात आपला डिझेल जनरेटर निर्दोष ठरतो, एवढाच दावा करू नये.

उद्योजकांसाठी कायद्याची बाजू वेगळी सांगणे आवश्यक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणीय दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘कार्बन न्यूट्रल’ यांसारखे ढोबळ शब्द पुराव्याशिवाय आणि स्पष्टीकरणाशिवाय जाहिरातीत वापरता येत नाहीत. सोसायटीच्या फाटकावरची पाटी बहुधा या कक्षेत येणार नाही. बिल्डरच्या माहितीपत्रकातला आणि तुमच्या मालाच्या खोक्यावरचा दावा मात्र येतो. ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये केएलएम या विमान कंपनीच्या अनेक पर्यावरणीय जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या, आणि त्यांत प्रवाशांना वनीकरणाच्या नावाने भरपाई विकणाऱ्या जाहिराती होत्या. युरोपीय संघात तर २७ सप्टेंबर २०२६ पासून केवळ विकत घेतलेल्या भरपाईच्या आधारे एखादे उत्पादन ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणणेच निषिद्ध होत आहे. जे नट-बोल्ट, पोलादी किंवा ॲल्युमिनियमचे भाग युरोपला पाठवतात, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : तिथल्या सीमाशुल्काच्या धर्तीवरील कार्बन आकारणीत तुमच्या भट्टीचे प्रत्यक्ष उत्सर्जन विचारले जाते, आणि स्वेच्छेने विकत घेतलेल्या क्रेडिटमुळे त्यातला एक किलोही कमी होत नाही. मोठा ग्राहक तुमच्याकडे माहिती मागतो तेव्हा त्याला युनिट, लिटर आणि टन यांच्या खऱ्या नोंदी हव्या असतात. सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र त्याच्या कामाचे नाही.

आता स्वतःच्या मीटरकडे येऊ. वर धरलेल्या पन्नास सदनिकांच्या संकुलाच्या गच्चीवर २० किलोवॉटचा सौर संच बसवला, तर महाराष्ट्रातल्या उन्हात वर्षाला साधारण २८,००० युनिट मिळतात आणि सुमारे २० टन उत्सर्जन खरोखर टळते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे या संचाला ३ लाख ६० हजार रुपये. सामाईक मीटरचा दर पाहता उरलेली गुंतवणूक बहुतेक ठिकाणी चार-पाच वर्षांत वसूल होते, तर पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षे धरले जाते. गच्चीवर हक्क कोणाचा, वॉटरप्रूफिंग फुटले तर दुरुस्ती कोण करणार, वरच्या मजल्यावरच्यांना पत्र्याचा आवाज येईल का, हे वाद मला माहीत आहेत. ते सभेत बसून सोडवावे लागतात आणि त्यात एक-दोन वर्षे जातातही. क्रेडिट विकत घेणे सोपे वाटते ते याचमुळे, कारण त्यासाठी कोणाशीही भांडावे लागत नाही.

सौर संचाइतकेच मोठे काम छताच्या पंख्यांत दडलेले आहे, आणि त्याकडे जवळपास कोणीच पाहत नाही. साधा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास. दर घरी चार याप्रमाणे २०० पंखे वर्षाला तीन हजार तास फिरतात असे धरले, तर ते बदलल्याने सुमारे २७,००० युनिट वाचतात, म्हणजे जवळपास सौर संचाएवढीच बचत, तीही गच्चीच्या वादाशिवाय. संस्थेने एकत्र खरेदी केली तर दरही चांगला मिळतो. याखेरीज रात्रंदिवस पूर्ण प्रकाशात जळणारे पार्किंगचे दिवे, टाकी भरून वाहू लागली तरी चालणारा जुना पंप आणि दर शनिवारी विनाकारण तासभर चालवून पाहिला जाणारा जनरेटर ही कामे तर सचिव आणि वॉचमन मिळून निपटू शकतात. कारखान्यांत मी सर्वांत आधी यंत्रांना दाबलेली हवा पुरवणारा कॉम्प्रेसर पाहते. सुटीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद असताना तो चालू केला आणि तरीही तो थोड्या थोड्या वेळाने भार घेत राहिला, तर ती हवा गळतीत जात आहे. दाबलेल्या हवेचा पाचवा हिस्सा असा वाया जाणे आपल्याकडे नवलाचे मानले जात नाही. होज आणि कपलिंग बदलायला येणारा खर्च क्रेडिटच्या एका वर्षाच्या बिलाहून बहुधा कमी असतो.

एक रास्त आक्षेप उरतो. मुलगी लंडनला आहे, वर्षातून एकदा तिच्याकडे जावे लागते, आणि मुंबई-लंडन परतीच्या प्रवासात एका प्रवाशामागे एक टनाहून अधिक उत्सर्जन होते, म्हणजे वर मांडलेल्या घराच्या वार्षिक आकड्याच्या जवळपास एक तृतीयांश. हे टाळता येत नाही, तर त्याचे काय करावे? माझ्या मते अशा वेळी एखाद्या चांगल्या प्रकल्पाला पैसे द्यावेत, दोनशे रुपयांहून बरेच अधिक द्यावेत, आणि वर्षाच्या हिशेबात तो टन तसाच उभा ठेवावा. देणगी वेगळ्या रकान्यात लिहावी. आपले देशातील दरडोई उत्सर्जन सुमारे दोन टन आहे, जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी, तेव्हा शून्य दाखवण्याची घाई आपल्याला कोणी केलेली नाही. ज्यांनी ते दाखवण्याची घाई केली, त्यांच्या नावांची यादी वर आलीच आहे.

पैसे देताना विक्रेत्याला स्पष्टपणे विचारावे, की प्रकल्प नेमका कोणत्या गावात आहे, क्रेडिट कोणत्या वर्षातल्या घटीची आहेत, ती आपल्याच नावे रद्द झाल्याचा अनुक्रमांक नोंदणी संस्थेच्या खुल्या यादीत दिसेल का, आणि आपल्या हजार रुपयांतले किती रुपये त्या गावात पोहोचतात. शेतजमिनीवरची लागवड असेल तर शेतकऱ्याशी करार किती वर्षांचा आहे, तो त्याला वाचता येईल अशा भाषेत आहे का, आणि त्याने मध्येच झाड तोडले तर त्याच्यावर काय आकारले जाईल, हेही विचारावे. कारण शहरातल्या पाटीसाठी मराठवाड्यातल्या एखाद्या शेतकऱ्याची जमीन दोन पिढ्या अडकून पडणे हे कोणत्याही संस्थेला मान्य होणार नाही. जून २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र सरकारच्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत आता स्वेच्छा प्रकल्पांसाठीही सोय करण्यात आली आहे आणि तिचे प्रशासन ऊर्जा दक्षता ब्युरोकडे आहे. तिथली प्रमाणपत्रे बाजारात आल्यावर ‘सरकारी आहे, म्हणजे ठीकच’ असे म्हणून हे प्रश्न सोडून देऊ नयेत.

येत्या सभेत हा विषय आलाच, तर खालील ठराव मांडावा अशी विनंती आहे. सूचक आणि अनुमोदक आपल्यातलेच मिळतील.

‘संस्थेच्या सामाईक मीटरचे मागील १२ महिन्यांचे वीज युनिट, जनरेटरचे डिझेल आणि त्यांचे उत्सर्जन वार्षिक अहवालात दरवर्षी छापण्यात यावे. कार्बन क्रेडिट खरेदीसाठी प्रस्तावित रक्कम प्रथम पंप, दिवे, पंख्यांची एकत्र खरेदी आणि सौर संच यांसाठी वापरण्यात यावी. संस्थेने बाहेरील प्रकल्पास दिलेली कोणतीही रक्कम देणगी म्हणून दाखवावी, ती उत्सर्जनातून वजा करू नये, आणि संस्थेच्या आवारात अथवा पत्रव्यवहारात कार्बन न्यूट्रल असा उल्लेख करू नये.’

कळावे,

आपली नम्र,
एक ऊर्जा लेखापरीक्षक, पुणे